हाकोदातेला जायचंय, पण आधी सातबारा

गेले आठ महिने मी जे काय करतेय त्याला आमच्या घरी "जपानचं" म्हणतात. "जपानचं झालं का?", "जपानचं कुठवर आलं?" असं, जसं काय चक्कीवर दळण टाकलंय. तर मंडळी, परवा पासपोर्ट हातात आला, आत व्हिसाचा स्टिकर आहे, दळण झालं एकदाचं. आता विमानाला तेरा दिवस राहिलेत, बाहेर पाऊस पडतोय, माजघरात बॅग उघडी पडलीय आणि तिच्यात आत्ता मांजर झोपलंय, म्हणून म्हटलं बसून लिहून काढावं.

आधी हे काय आहे ते सांगते कारण वाडीत अजून निम्म्या लोकांना वाटतंय की मला नोकरी लागलीय. आमच्याकडे परदेश म्हणजे दोनच, एक आखात आणि दुसरं बोट. कोणीतरी दुबईला नाहीतर मस्कतला असतं, कोणीतरी बोटीवर असतं, आणि दोन्हीकडून पैसे येतात. मी चाललेय ते एका सेमिस्टरसाठी, एक्स्चेंज स्टुडंट म्हणून. म्हणजे माझ्या मुंबईच्या युनिव्हर्सिटीचा आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीचा करार आहे, फी मी इथेच भरायची, तिकडे शिकवण्याची फी नाही, ऑक्टोबरला जायचं, तिकडचे पेपर द्यायचे, क्रेडिट इकडे जमा होणार आणि मी परत. तिकीट, खोली, जेवणखाण आपलं आपण. हे सगळं समजावून झाल्यावर शेजारच्या काकी म्हणाल्या, "म्हणजे पैसे आपणच घालायचे आणि सहा महिन्यांनी परत यायचं?" हो काकी. अगदी तसंच. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या बाबांच्याही चेहऱ्यावर आधी येऊन गेलेलं.

आणि गाव कुठलं, तर हाकोदाते. हे नाव आमच्या घरात अजून कोणाला धड म्हणता येत नाही. जपानच्या उत्तरेला होक्काइदो म्हणून मोठं बेट आहे, त्याच्या दक्षिण टोकाला हे बंदर. मी सागरी जीवशास्त्रात एमएस्सी करतेय, त्यामुळे टोकियो-बिकियोचं मला काही पडलेलं नव्हतं, मला बंदर पाहिजे होतं आणि मासळी पाहिजे होती. हाकोदातेचा मासा म्हणजे माकुल, इंग्लिशमध्ये स्क्विड. शहराची ओळखच माकुल, ऑगस्टमध्ये बंदराचा उत्सव असतो त्यात लोक रस्त्यावर माकुलाचा नाच करतात, खोटं नाही सांगत, व्हिडिओ बघा. आणि हल्लीच्या वर्षांत त्याच माकुलाची आवक तिथे भयंकर घटलीय. आमच्याकडे तारली एखाद्या वर्षी येते आणि एखाद्या वर्षी तोंड दाखवत नाही, बांगड्याचंही तेच, तेव्हा हे लोक त्याचं काय करतात, कसं मोजतात, ते बघायचं होतं. अर्जात मी हेच लिहिलं, जरा बऱ्या इंग्लिशमध्ये.

निवड झाली मार्चमध्ये. मला वाटलं झालं, आता कपडे घ्यायचे. कसलं काय.

जपानला स्टुडंट व्हिसा थेट मागायचा नसतो. आधी तिकडची युनिव्हर्सिटी तुमच्या वतीने तिकडच्या इमिग्रेशनकडे अर्ज करते, ते एक सर्टिफिकेट देतात, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, सगळे त्याला सीओई म्हणतात. ते आलं की मग आपण इकडे व्हिसाला जायचं. आणि सीओईसाठी त्यांना हवं असतं की सहा महिने तुझा खर्च कोण करणार आणि त्याच्याकडे पैसे आहेत कशावरून. तिकडच्या सरकारची जासो नावाची स्कॉलरशिप आहे, महिना ८० हजार येन, आजच्या भावाने पंचेचाळीस हजारांच्या आसपास, ती मिळाली असती तर प्रश्न निम्मा सुटला असता. मिळाली नाही. नावं पुढे गेली त्यात माझं नव्हतं. दोन दिवस रडले, मग बाबा म्हणाले, "आपला आंबा आहे ना."

आता आंबा आहे हे खरं. आमची शे-सव्वाशे कलमं आहेत, रत्नागिरीजवळ, आरे-वारेच्या अलीकडे, बरीचशी हापूस, चार पायरी. पण आंबा आहे हे एखाद्या जपानी बाईला कागदावर दाखवायचं कसं, ही जी काय मजा आहे ती मी जन्मात विसरणार नाही. त्यांच्या फॉर्मवर एक रकाना होता, खर्च करणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न, सोबत इन्कम टॅक्सचा पुरावा. आता शेतीच्या उत्पन्नाला आपल्याकडे इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे बाबांच्या रिटर्नवर जे दिसतं ते म्हणजे वर्षभर थोडंफार काय ते टेम्पोच्या भाड्याचं. तो आकडा बघून मलाच बाबांची दया आली. मग मी म्हटलं जमिनीचा कागद लावूया, सातबारा. ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, काढला. आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय करून बसलेय.

कोकणातल्या लोकांना पुढचं सांगायला नकोच. आमच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत. पणजोबांच्या वेळेपासून वाटप झालेलं नाही, सगळं सामाईक. त्यातले नऊ जण वारलेत, पाच आत्या आहेत ज्यांची नावं माहेरची, तीन जण परळला, एक जण कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. कलमं बाबांनी लावली, बाबाच फवारतात, बाबाच राखण करतात, आणि कागदावर बाबा म्हणजे एकतीसातले एक. मी त्याचं इंग्लिश भाषांतर करून नोटरीचा शिक्का मारून पाठवला आणि चार दिवसांनी तिकडच्या ऑफिसमधून ईमेल आला, खूप नम्र, जपानी माणसं ईमेलमध्येसुद्धा वाकून नमस्कार करतात असं वाटतं, की कृपया कळवावं, ह्या ३१ व्यक्तींपैकी तुमचा खर्च नेमकं कोण करणार आहे?

मी तो ईमेल मोठ्याने वाचून दाखवला. आजी म्हणाली, "सांग, कोणीच करणार नाही."

मग वाशीच्या मार्केटच्या पट्ट्या जोडल्या, म्हणजे दलाल माल विकून झाल्यावर हिशेबाचा जो कागद पाठवतो ती पट्टी, त्यात किती पेट्या, काय भाव, हमाली किती, कमिशन किती. त्याचं भाषांतर करताना "पेटी" ह्या शब्दाखाली मला तळटीप द्यावी लागली की पेटीत साधारण चार ते सहा डझन, कारण आमच्या पेटीला ठरावीक आकडा नाही, फळाच्या आकारावर आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढला. बँकेचं बॅलन्स सर्टिफिकेट जूनमध्ये काढलं कारण वर्षभरात बाबांच्या खात्याला तेवढे दिवसच जरा रंग असतो. त्यावरही एक प्रश्न आला, की पैसे फक्त एप्रिल-मेमध्ये जमा झालेले दिसतात, तर डिसेंबरात तुमच्या वडिलांचं उत्पन्न काय? बाबांना विचारलं तर म्हणाले, "डिसेंबरात मोहोर. मोहोर म्हणजे औषधाचा खर्च. लिही." मी नाही लिहिलं. शेवटी थोरल्या आत्याने तिची एफडी दाखवायला दिली, तिचं आणि बाबांचं असं दोघांचं हमीपत्र गेलं, आणि मग पुढे कसलाच प्रश्न आला नाही. मात्र त्यात बाबांच्या नावाची एक गंमत झालीच, एका दाखल्यावर त्यांच्या नावात एक ए आणि पासपोर्टच्या कागदावर दोन ए, त्यासाठी वेगळं अ‍ॅफिडेव्हिट, शंभर पावलं ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. जाऊ दे, त्या ऑफिसबद्दल लिहायला बसले तर हा लेख संपायचा नाही.

कोणी एक्स्चेंजला जायच्या विचारात असेल आणि घर शेतीवर चालत असेल तर एवढंच सांगते की पैशाचे कागद निवड व्हायची वाट न बघता आधीच बघून ठेवा. बाकी सगळं आयत्या वेळी होतं. हे होत नाही.

सीओई आलं ऑगस्टमध्ये, ईमेलवरच, आणि त्याची मुदत तीन महिने, तेवढ्यात जपानमध्ये पोचायला हवं. व्हिसासाठी मुंबईला जायची तारीख मिळाली ती गणपतीच्या चार दिवस आधीची. आता हे बघा, त्या आठवड्यात कोकणात यायचं तिकीट मिळणं म्हणजे नशीब, साठ दिवस आधी बुकिंग उघडतं आणि डोळा मिटेपर्यंत वेटिंग लागतं. आणि मी उलटी चाललेली. मांडवी एक्स्प्रेसच्या डब्यात मी आणि कटलेटवाला, एवढेच म्हणायला हरकत नाही. समोरच्या रुळावरून चाकरमान्यांनी भरलेल्या गाड्या एकामागून एक, दारात लोंबकळणारी माणसं, कोणाच्या मांडीवर मखर, कोणी टाळ काढून तिथेच सुरू झालेले, आणि क्रॉसिंगला आमची गाडी थांबली की समोरच्या दारातली पोरं ओरडून विचारत होती, "अगो चुकलीस काय, गाव इकडे आहे!" मला एकदम भरून आलं. फाइल पोटाशी धरून बसले होते, त्यात सीओई, त्यात एकतीस नावं. कागद देऊन रात्रीच्याच गाडीला लागले, उभ्याने आले, आरतीला घरी.

बाबांना गाडीवरून आठवलं. कोकण रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा ते वीस-एकवीसचे, करबुड्याच्या बोगद्यावर एका कंत्राटदाराकडे हजेरी लिहायला होते. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवर सगळ्यात लांब, आणि त्याचा त्यांना इतका अभिमान की आम्ही लहानपणी गाडीत असलो की बोगदा संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मी त्यांना सांगितलं की टोकियोहून हाकोदातेकडे शिंकान्सेनने, म्हणजे तिकडच्या बुलेट ट्रेनने, जाताना सेइकान बोगदा लागतो, ५३.८५ किलोमीटर, त्यातला २३ किलोमीटरच्या वर समुद्राच्या तळाखालून, १९८८ला सुरू झाला. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणी गळत असेल." दुसऱ्या दिवशी सकाळी परत, "पाणी कुठे सोडतात ते विचार." तर हे एक काम माझ्याकडे दिलेलं आहे.

काम देणारे बाबा एकटे नाहीत. शेजारी नाना राहतात, त्यांची छोटी होडी आहे, जाळी लावून जे येईल ते. त्यांच्याशी मात्र माझं जरा बिनसलं. झालं असं की मी हौसेने फोटो दाखवले, रात्री हाकोदातेच्या डोंगरावरून, ३३४ मीटरचा डोंगर आहे, समुद्रात दिव्यांची रांग दिसते, ते माकुलाच्या होड्यांचे दिवे, त्याला तिकडे इसारिबी असा खास शब्द आहे, लोक बघायला जातात. नानांनी मोबाईल हातात घेतला, बघितला, आणि परत देताना म्हणाले, "म्हणजे एलईडीवालेच की." आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आपल्याकडे एलईडी लावून मासेमारी करायला २०१७पासून बंदी आहे, तरी रात्री लांबवर उजेड दिसतो, आणि मोठ्या पर्ससीनच्या जाळ्यांनी दिव्याखाली जमलेलं सगळं लहानमोठं उपसून नेलं की नानांच्या जाळ्यात काय येणार. ह्यावरून मिरकरवाड्यात आणि सगळ्या किनाऱ्यावर किती भांडणं झालीत ते रत्नागिरीकरांना ठाऊक आहे. मी समजावायला गेले की नाना, तिकडे दिव्याला माकुल येतं पण ते गळाने धरतात, दोरीला ओळीने गळ, मशीन दोरी वर-खाली करतं, एकेक माकुल येतं, जाळं मारून सगळं उपसत नाहीत. ते म्हणाले, "बाय, दिवा तो दिवाच." आणि उठून गेले. दोन दिवसांनी स्वतःच आले आणि म्हणाले, तो गळ कसा असतो त्याचा फोटो पाठव. म्हणून मला वाटतं अगदीच बिनसलेलं नाही.

भाषेचं म्हणाल तर वर्ग इंग्लिशमध्ये आहेत पण दुकानात, बसमध्ये इंग्लिश चालणार नाही असं तिकडे जाऊन आलेल्या एका सीनियरने बजावलंय. म्हणून जानेवारीपासून शिकतेय. हिरागाना ४६, काताकाना ४६, आणि कांजीचं नाव काढू नका. पण एक सांगू, मराठी येणाऱ्याला जपानी वाटते तेवढी उपरी नाही. क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखं. "वाताशी नो इए" म्हणजे माझं घर, तो "नो" म्हणजे आपला चा-ची-चे, शब्दाच्या मागे येऊन चिकटणारा. आणि वाक्याच्या शेवटी ते "ने" लावतात, "सोदेस ने", तो तर सरळसरळ आपला "ना" आहे. आजी प्रत्येक वाक्याला ना लावते, ती तिकडे खपून जाईल. फक्त माझ्या आडनावातल्या ळचं काही खरं नाही. ल, ळ आणि र ह्या तिघांना तिकडे एकच खोली.

मग खाणं. आईच्या दृष्टीने एक्स्चेंज प्रोग्राम म्हणजे सहा महिने पोरगी काय जेवणार हा प्रोग्राम. तिची यादी: कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं, घरचा मसाला, आंब्याचं साठं, फणसपोळी, भाजलेले काजूगर, सुका जवळा, आणि "जागा उरली तर" नारळ. ताजी फळं-भाजी तपासणीच्या सर्टिफिकेटशिवाय जपानमध्ये नेता येत नाही, मांसाचे पदार्थ तर अजिबात नाही, हे मी छापून फ्रिजवर लावलं. नारळ बाद झाला. मग मी तिला सांगितलं की तिकडे पेज करतात. ती हातातलं काम टाकून बघायला लागली. खरंच करतात, ओकायु म्हणतात, मऊ भाताची पेज, आजारी माणसाला देतात, वर खारवलेलं आंबट फळ ठेवतात, उमेबोशी. "म्हणजे पेज आणि लोणचं," आई म्हणाली. सुके मासे तिकडेही, त्याचं पाणी काढून आमटीसारखं करतात. त्या दिवसापासून तिचा जपानबद्दलचा सूर एकदम बदलला, जे लोक पेज खातात त्यांच्यात पोरगी सुरक्षित आहे असं काहीतरी. फक्त आपला उकडा तांदूळ तिकडे नसणार, तिकडचा चिकट. त्यावर ती अजून विचार करतेय.

औषधांचं मात्र सिरीयसली घ्या. मला थायरॉइडची रोजची गोळी आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं एक महिन्यापेक्षा जास्त न्यायची असतील तर आधी परवानगी काढावी लागते, युन्यू काकुनिन-शो असं त्याचं नाव. ईमेलने अर्ज केला, चिठ्ठी जोडली, आलं. आणि सर्दीच्या साध्या गोळ्यासुद्धा मागची बारीक अक्षरं वाचून घ्या, स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर असलेल्या औषधांना तिकडे बंदी आहे. आईने भरलेल्या औषधाच्या डब्यातून मी त्यासाठी अख्खी एक पट्टी बाहेर काढली, तिने ती पुन्हा आत टाकली, मी पुन्हा काढली, हे तीनदा झालं.

थंडी. ह्याबद्दल मी लिहूच नये खरं तर, कारण मला ती माहीतच नाही. माझ्याकडे एक स्वेटर आहे, तो महाबळेश्वरच्या ट्रिपला घेतलेला, आणि हाकोदातेला जानेवारीत पारा शून्याच्या खाली, बर्फ. रत्नागिरीच्या बाजारात थर्मल मागितलं तर दुकानदाराने मला थर्मास दाखवला. सीनियर म्हणते, इकडून जड कोट नको आणूस, तिकडे सेकंडहँडच्या दुकानात स्वस्तात मिळतो, फक्त बूट बघून घे, बर्फावर पडतेस. घरात केरोसीनचे हीटर असतात म्हणे. हे ऐकून आजी खूश, "बघ, रॉकेल तिकडे मिळतं अजून." भूकंपाचंही तिनेच विचारलं. तिने कोयनेचा बघितलाय, ६७ सालचा, पहाटे सगळे खळ्यात येऊन बसलेले. "हललं की टेबलाखाली जा, आणि मग समुद्राकडे बघ," एवढं सांगून ती वाती वळायला लागली.

काल बॅग वजन केली, आंब्याच्या पेट्या करतो त्या काट्यावर. तेवीस किलो चालतं, भरली सव्वीस. जवळा निघाला. साठं राहिलं.

आणि आज सकाळी देवळात गाऱ्हाणं. आमच्याकडे घरातलं कोणी लांब जाणार असेल तर ग्रामदेवतेला सांगून जायचं, नारळ ठेवायचा, गुरवकाका गाऱ्हाणं घालतात. पाऊस मी म्हणत होता, देवळात आम्ही घरचे, नाना, काकी, चार पोरं. गुरवकाकांनी आधीच विचारून घेतलं, गाव कुठलं. मी सांगितलं, हाकोदाते. काय? हाकोदाते. त्यांनी मान डोलवली, डोळे मिटले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, हे तुझं लेकरू आज परमुलखात शिकायला चाललंय, त्याच्या वाटेत काय काटाकुटा असंल तो बाजूला कर..."

"व्हय म्हाराजा," सगळे.

"...आणि हातखंब्याला त्याला सुखरूप पोचव म्हाराजा..."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. नाना खाली बघून हसत होते. हातखंबा आमच्या इथून रिक्षाने जाता येतो. पण मध्ये कोण बोलणार.

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.